साध्या मजकुरातील कालतक्ते आणि त्यांची क्रमवारी

कोणत्याही तक्त्याची क्रमवारी लावणे म्हणजे त्यातील प्रत्येक घराचे मूल्य काय, याचा निर्णय करणे होय. छापील तक्ता वाचताना हा निर्णय वाचक नकळत करीत असतो. '९:४०' ही अक्षरे एखाद्या घरात दिसली, तर ती घड्याळातील वेळ आहे की खर्ची पडलेला कालावधी, हे त्यास स्तंभाच्या शीर्षकावरून उमगते. यंत्रापुढे मात्र केवळ चिन्हांची ओळ असते. त्या ओळीचा अर्थ कोणत्या रीतीने लावावयाचा, हे सांगणाऱ्यानेच सांगावे लागते. आणि ते चुकीचे सांगितले गेले तरी यंत्र तक्रार करीत नाही. ते एक सुबक दिसणारा, परंतु खोटा क्रम हाती देते. संशोधनकार्यातील तासांचा हिशेब ठेवणाऱ्या अभ्यासकाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. कारण पुढील वर्षाच्या कामाची आखणी तो याच तक्त्यांवरून करतो. 'ऑर्ग मोड' या नियोजकातील कालतक्त्यांच्या आधारे या प्रश्नाचे स्वरूप येथे स्पष्ट करावयाचे आहे.

१. नोंद आणि तक्ता

'ऑर्ग मोड' ही 'ईमॅक्स' या संपादकाच्या अंतर्गत चालणारी व्यवस्था होय. कार्स्टन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने तिची रचना २००३ मध्ये सुरू केली आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ईमॅक्सच्या २२ व्या आवृत्तीपासून ती त्या संपादकाचा भाग बनली. तिचे वैशिष्ट्य असे की, सर्व माहिती साध्या मजकुराच्या फाइलीत राहते. मथळ्यांपूर्वी तारकाचिन्हे येतात: एक तारका म्हणजे मुख्य मथळा, दोन तारका म्हणजे त्याखालील पोटमथळा. एखाद्या कामाचे घड्याळ चालू केले असता त्या मथळ्याखाली आरंभाची तारीख व वेळ लिहिली जाते; घड्याळ बंद केले की समाप्तीची वेळ आणि दोहोंतील अंतर तास व मिनिटे या रूपात त्याच ओळीत येते.

या विखुरलेल्या नोंदींची बेरीज करून तक्ता तयार करण्याची सोय म्हणजे 'क्लॉक टेबल', अर्थात कालतक्ता. आरंभ व समाप्ती दर्शविणाऱ्या दोन ओळींच्या मध्ये तो मांडला जातो. प्रथम शीर्षकाची ओळ, मग आडवी रेघ, मग एकूण वेळेची ओळ, पुन्हा रेघ, आणि त्याखाली एकेका मथळ्याची ओळ अशी त्याची घडण असते. हा तक्ता मूळ नोंदींवरून निघालेले प्रतिबिंब आहे. नोंदी बदलल्या की तो पुन्हा घडवावा लागतो, आणि पुन्हा घडवताना जुना तक्ता पूर्णपणे पुसला जातो.

२. क्रम कोठे सांगावा

तयार तक्त्याच्या एखाद्या स्तंभात जाऊन कंट्रोल व सी या कळा एकत्र दाबाव्यात आणि नंतर '^' हे चिन्ह द्यावे, म्हणजे त्या स्तंभाप्रमाणे ओळींचा क्रम लावता येतो. हा क्रम लगतच्या दोन आडव्या रेघांमधील ओळींपुरताच लागतो. म्हणून एकूण वेळेची ओळ आपल्या जागी सुरक्षित राहते. मात्र अनेक फाइलींचा एकत्रित तक्ता असेल, तर प्रत्येक फाइलीचा भाग रेघेने निराळा पडतो आणि क्रमवारी ती रेघ ओलांडीत नाही. सर्व फाइलींतील कामांचा एकच क्रम या मार्गाने मिळत नाही.

हाताने लावलेला क्रम दुसऱ्या एका दृष्टीनेही अल्पजीवी असतो. तक्ता नव्याने घडवला की तो नाहीसा होतो. म्हणून क्रमाची सूचना तक्त्याच्या आरंभीच्या ओळीतच द्यावी, हे उत्तम. त्यासाठी 'सॉर्ट' हा निर्देश आहे. त्यापुढे कंसात स्तंभाचा क्रमांक, मग दोन्ही बाजूंस मोकळी जागा सोडून टिंब, आणि शेवटी प्रश्नचिन्हाला लागून क्रमाच्या प्रकाराचे रोमन अक्षर लिहितात. 'ए' हे अक्षर अकारविल्हे क्रमासाठी, 'एन' अंकक्रमासाठी, तर 'टी' कालक्रमासाठी आहे. लहान लिपीतील अक्षराने चढता क्रम लागतो, मोठ्या लिपीतील अक्षराने उतरता. पातळी किंवा दिनांक दर्शविणारे जादा स्तंभ तक्त्यात घेतले असतील, तर ते मथळ्याच्या आधी येतात व स्तंभांचे क्रमांक बदलतात, हेही ध्यानी ठेवावयास हवे.

३. एकच चिन्हमाला, तीन मूल्ये

क्रमाचा प्रकार निवडणे ही वरवर पाहता क्षुल्लक बाब वाटते. वस्तुतः चुकीचा संभव येथेच सर्वांत अधिक असतो. समजा, बोलींच्या अभ्यासाच्या एका प्रकल्पात चार कामांचे कालावधी पुढीलप्रमाणे आहेत: प्रश्नावली ९:०५, शब्दसूची ९:४०, पत्रव्यवहार १०:०५ आणि ध्वनिमुद्रणांचे लिप्यंकन १ दिवस ३:१२. मूळ ठेवणीनुसार चोवीस तासांपुढील कालावधी दिवस व तास असा फोडून लिहिला जातो. दिवसासाठी आकड्याला जोडून रोमन 'डी' येतो. हा दिवस चोवीस तासांचा असतो, कार्यालयीन कामाचा नव्हे. म्हणजे लिप्यंकनास २७ तास १२ मिनिटे लागली.

या स्तंभाचा चढता क्रम अकारविल्हे लावला, तर यंत्र डावीकडून एकेक चिन्ह ताडून पाहते. '१' हे चिन्ह '९' च्या आधीचे असल्याने पत्रव्यवहार प्रथम येतो, त्यामागून लिप्यंकन, मग प्रश्नावली आणि शब्दसूची. सर्वांत मोठे काम दुसऱ्या स्थानी व सर्वांत लहान तिसऱ्या स्थानी जाते.

अंकक्रम लावला, तर वाचन पहिल्या अंकेतर चिन्हाशी थांबते. '९:०५' व '९:४०' या दोहोंचे मूल्य केवळ ९ ठरते. मिनिटे गळून पडतात. '१०:०५' चे मूल्य १० होते. आणि '१ डी' ने आरंभ होणाऱ्या घराचे मूल्य १ ठरून सत्तावीस तासांचे काम सर्वांत लहान म्हणून अग्रभागी येते. या तक्त्यावर विसंबणारा अभ्यासक लिप्यंकनासाठी पुढील वेळी सर्वांत कमी दिवस राखून ठेवील.

कालक्रम लावला असता मात्र प्रत्येक घराची मिनिटे होतात: ५४५, ५८०, ६०५ आणि १६३२. क्रम यथार्थ लागतो. तीनही वेळा चिन्हे तीच होती. बदलली ती वाचनाची रीत. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे, तर चिन्ह आणि त्याचे मूल्य यांचा संबंध स्वयंसिद्ध नसून तो व्यवस्थेने ठरविलेला असतो. या जुन्या सिद्धांताचे हे व्यवहारातील उदाहरण होय.

४. पातळ्यांची अडचण

दुसरी अडचण तक्त्याच्या रचनेतून उद्भवते. मथळे आणि पोटमथळे मिळून एक वृक्ष बनतो. तक्ता त्यास सपाट ओळींत उतरवितो. मूळ ठेवणीनुसार प्रत्येक पातळीचा वेळ निराळ्या स्तंभात पडतो. त्यामुळे पहिल्या वेळ-स्तंभाप्रमाणे क्रम लावला, तर पोटमथळ्यांची त्या स्तंभातील घरे रिकामी असतात आणि कालक्रमात रिकाम्या घराचे मूल्य शून्य धरले जाते. 'टीकॉलम्स' हा निर्देश १ असा दिल्यास सर्व वेळ एकाच स्तंभात येतो व ही अडचण दूर होते.

परंतु तेवढ्याने वृक्ष सावरत नाही. मुख्य मथळ्याच्या वेळेत त्याखालील सर्व पोटमथळ्यांचा वेळ समाविष्ट असतो. उतरत्या क्रमाने सर्व ओळी लावल्या, तर दोन निरनिराळ्या मुख्य मथळ्यांखालील पोटमथळे एकमेकांत मिसळतात. 'लिप्यंकन' हा पोटमथळा कोणत्या गावच्या ध्वनिमुद्रणांचा, हे ओळीच्या स्थानावरून कळत असे. ते आता कळत नाही. शिवाय बाप व लेक एकाच रांगेत बसल्यामुळे ओळींची बेरीज करणारास तोच वेळ दोनदा मोजल्याचा दोष लागतो.

यास दोन उपाय संभवतात. पहिला असा की, ज्या तक्त्याची क्रमवारी लावावयाची, तो 'मॅक्सलेव्हल' या निर्देशाने एकाच पातळीचा ठेवावा. दुसरा उपाय तक्त्याऐवजी मूळ मथळ्यांचाच क्रम लावण्याचा. त्याच कळा मथळ्यावर दाबल्या असता क्रमाच्या प्रकारांत घड्याळी वेळेचाही पर्याय मिळतो. अशा वेळी समान पातळीचे मथळे आपापल्या परिवारासह हलतात आणि वृक्ष अभंग राहतो. मात्र येथे प्रतिबिंब न बदलता मूळ दस्तऐवज बदलतो. फाइलीतील मथळ्यांचा क्रम स्वतःच अर्थपूर्ण असेल, उदाहरणार्थ क्षेत्रकार्यातील भेटींचा कालानुक्रम तो दर्शवीत असेल, तर हा उपाय वर्ज्य समजावा.

५. देवनागरीचा विशेष

मराठीत नोंदी ठेवणारास आणखी दोन गोष्टी जाणून घ्याव्या लागतात. पहिली अंकांची. ही व्यवस्था कालावधी ओळखते ते आंतरराष्ट्रीय अंकांत लिहिलेले. अहवालासाठी तक्ता देवनागरी अंकांत उतरवून मग क्रम लावला, तर प्रत्येक घर शून्य ठरते व सर्व ओळी समान मानल्या जातात. अंकांचे रूपांतर नेहमी क्रमवारीनंतर करावे.

दुसरी गोष्ट मथळ्यांच्या अकारविल्हे क्रमाची. हा क्रम संगणकावर निवडलेल्या भाषा-प्रदेशाच्या नियमांवर अवलंबून असतो. तसे नियम उपलब्ध नसतील, तर युनिकोडमधील संकेतांकांचा क्रम उरतो. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी १९८८ च्या 'इस्की' या भारतीय संकेतावलीवर आधारलेली असून ती अनेक भाषांना समान आहे. तीत 'ळ' हा वर्ण 'ल' नंतर व 'व' पूर्वी येतो, तर मराठी वर्णमालेत तो 'ह' नंतर. परिणामी 'मळणीची गाणी' हा मथळा 'मसुदा' याच्या आधी जातो. 'क्ष' हा संकेतावलीत स्वतंत्र वर्ण नाही. 'क', हलन्तचिन्ह आणि 'ष' असा तो लिहिला जातो. म्हणून 'क्षेत्रकार्य' हा मथळा 'कोशनोंदी' च्या मागोमाग आणि 'गृहपाठ' च्या आधी सापडतो. शाळेत शिकविलेल्या वर्णमालेप्रमाणे तो शेवटी शोधणारास तो गहाळ झाल्याचा भास होईल.

६. निष्कर्ष

कालतक्त्याची क्रमवारी लावण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे निश्चित असली पाहिजेत: घरातील चिन्हे कोणत्या मूल्याची निदर्शक आहेत, ओळी एकाच पातळीवरील आहेत काय, आणि क्रमाची सूचना तक्ता नव्याने घडल्यावर टिकेल अशा जागी दिली आहे काय. कालावधीच्या स्तंभास कालक्रम, एका पातळीचा तक्ता आणि आरंभीच्या ओळीतील निर्देश, हा यातून निघणारा साधा नियम. तरीही लागलेला क्रम स्वीकारण्यापूर्वी सर्वांत मोठी व सर्वांत लहान अशा दोन ओळी मूळ नोंदींशी ताडून पाहणे इष्ट होय. त्यास क्षणभरच लागतो, आणि वर वर्णिलेले बहुतेक दोष या दोन ओळींतच उघडे पडतात.