भिंग कोणतं बसवायचं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पनवेलच्या वडाळे तलावाच्या काठी संध्याकाळी ज्येष्ठ मंडळी बसतात. गुडघे आणि साखर यांच्यानंतर तिथे तिसरा विषय निघतो तो मोतीबिंदूचा. कुणाचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणाचं व्हायचं असतं आणि सल्ला मात्र प्रत्येकाजवळ तयार असतो. ‘पिकल्याशिवाय काढू नका’, ‘थंडीतच करा’, ‘एकदाच बसवायचंय, तर सगळ्यात महाग भिंग घाला.’ मी डॉक्टर नाही, टपाल खात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. पण गेल्या दोन वर्षांत आमच्या घरात तीन डोळ्यांची ऑपरेशनं झाली. दोन डोळे माझे, एक आमच्या सौभाग्यवतींचा. त्या निमित्तानं डॉक्टरांना विचारून आणि थोडं वाचून जे उमगलं, ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक नैसर्गिक भिंग असतं. तरुणपणी ते काचेसारखं स्वच्छ असतं. वय वाढतं तसं ते गढूळ होत जातं आणि पलीकडचा प्रकाश पडद्यापर्यंत नीट पोहोचत नाही. हाच मोतीबिंदू. तो डोळ्यावर वाढलेला पापुद्रा नव्हे, त्यामुळे वरून खरवडून निघत नाही. थेंबांनी किंवा औषधांनी तो विरघळतो, याला अजून तरी आधार नाही. गढूळ झालेलं भिंग काढायचं आणि त्याच्या जागी कृत्रिम भिंग बसवायचं, एवढा एकच उपाय आहे.

मग ऑपरेशन करायचं कधी? ‘पिकू द्या’ हा सल्ला जुन्या काळी योग्य होता. तेव्हा मोठी चीर देऊन अख्खं भिंग बाहेर काढावं लागे आणि नंतर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागे. अशा वेळी थांबलेलं बरं असे. आज गोष्ट उलट आहे. फार पिकलेलं भिंग कडक होतं, ते काढणं अवघड जातं आणि कधी कधी त्यामुळे डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूसारखा त्रासही होतो. तेव्हा प्रश्न मोतीबिंदू किती पिकला हा नाही. तुमचं कोणतं काम अडतंय, हा खरा प्रश्न आहे. रस्ता ओलांडताना रिक्षाचा अंदाज येत नाही, समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपतात, जिन्याची शेवटची पायरी चुकते, असं होऊ लागलं की वेळ झाली असं समजावं. काहीच अडत नसेल आणि डॉक्टरांना दुसरं काही आढळलं नसेल, तर घाई नाही. ऋतूचा तर संबंधच नाही. पावसाळ्यातही ऑपरेशनं होतात.

कृत्रिम भिंगाची कथा मोठी रंजक आहे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या छताचे प्लॅस्टिकचे तुकडे काही वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले. हॅरॉल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरांच्या लक्षात आलं, की डोळा हे तुकडे मुकाट सहन करतो. त्यावरून त्यांनी 1949 साली लंडनमध्ये त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवलं. पुढे 1967 साली अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदूचा चुरा करून तो शोषून घेण्याची पद्धत आणली. तीच आपली ‘फेको’. लोक तिला ‘लेसर’ म्हणतात, पण ती लेसर नव्हे. आपल्याकडे मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅबनं 1992 पासून भिंगं देशातच बनवायला घेतली आणि परदेशी भिंगांपेक्षा कितीतरी स्वस्त भिंग गरिबाच्याही डोळ्यात जाऊ लागलं.

आता मुख्य प्रश्न, भिंग कोणतं? ढोबळमानानं चार प्रकार लक्षात ठेवा. पहिलं एककेंद्री, म्हणजे मोनोफोकल. ते एकाच अंतरावरचं स्पष्ट दाखवतं. बहुतेक जण ते दूरसाठी बसवून घेतात आणि वाचायला चष्मा लावतात. दुसरं बहुकेंद्री, म्हणजे मल्टिफोकल. ते दूरचं आणि जवळचं, आणि त्यातलं ट्रायफोकल असेल तर मधलंही दाखवतं. त्यामुळे चष्मा बराच सुटतो. मात्र ते आलेला प्रकाश वाटून देतं, त्यामुळे अंधुक उजेडात थोडं फिकं दिसतं आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. तिसरं या दोहोंच्या मधलं, दूर आणि हातभर अंतरावरचं बऱ्यापैकी दाखवणारं. बारीक अक्षरांना त्यातही चष्मा लागू शकतो. चौथं टोरिक, ज्यांच्या चष्म्यात सिलिंड्रिकल नंबर जास्त आहे त्यांच्यासाठी. हे टोरिक एककेंद्रीही मिळतं आणि बहुकेंद्रीही.

आमचा मुलगा पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, ‘बाबा, पैशांचा विचार करू नका, ट्रायफोकलच घाला.’ पण मला पंधरा वर्षांचा मधुमेह. तपासणीत डोळ्याच्या पडद्यावर थोडे डाग निघाले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की पडदा दुबळा असेल, काचबिंदू असेल, तर प्रकाश वाटून देणारं भिंग सहसा टाळावं. महाग भिंग घालून कमी दिसायचं, असं व्हायला नको. मी दूरसाठी एककेंद्री भिंग घेतलं. आज रस्त्यावरच्या पाट्या चष्म्याशिवाय वाचतो आणि वर्तमानपत्राला चष्मा लावतो. माझी काही तक्रार नाही.

सौभाग्यवतींची गोष्ट वेगळी. त्यांना लहानपणापासून उणे नंबर. चष्मा काढून सुई ओवायची आणि ब्लाउजना हूक लावायचे, हे त्यांचं चाळीस वर्षांचं काम. डॉक्टरांनी विचारलं, ‘दूरचं चष्म्याशिवाय दिसेल, पण सुई ओवायला चष्मा लागेल. चालेल?’ त्या म्हणाल्या, ‘मुळीच नाही.’ तेव्हा त्यांना एककेंद्री भिंगच, पण जवळसाठी मोजून बसवलं. बाहेर जाताना त्या पूर्वीसारखा चष्मा लावतात आणि शिवण चष्म्याशिवाय चालतं. भिंगाची किंमत साधारण तीच, फक्त त्याचा नंबर वेगळा. हा पर्याय असतो हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. म्हणून डॉक्टरांकडे जाताना दिवसभरात तुम्ही डोळ्यांनी काय काय करता, ते कागदावर लिहून न्या. रात्री गाडी चालवता का, पोथी वाचता का, संगणकावर बसता का? भिंगाचा नंबर डोळ्याची लांबी आणि बुबुळाची गोलाई मोजून ठरतो, पण तो कशासाठी ठरवायचा ते तुम्हीच सांगायचं असतं.

आणखी काही गोष्टी. तुम्ही घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. प्रोस्टेटच्या त्रासासाठी टॅमसुलोसिन घेत असाल, अगदी पूर्वी घेतलेलं असलं तरी, आवर्जून सांगा. त्या औषधानं ऑपरेशनच्या वेळी बाहुली ढिली पडते आणि डॉक्टरांना आधी तयारी करावी लागते. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनानं बंद करू नका. आरोग्य विमा असेल, तर त्यात मोतीबिंदूला किती रकमेची मर्यादा आहे, ते आधी विचारा. बऱ्याच पॉलिसींत ती असते. भिंगाच्या डबीवरचं स्टिकर आपल्या फाईलमध्ये लावून घ्या.

ऑपरेशन साधारण वीस मिनिटांचं. डोळा बधिर करतात, दुखत नाही. नंतर काही आठवडे थेंब घालायचे, डोळा चोळायचा नाही, सुरुवातीचे दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. दुखणं वाढलं, डोळा लाल झाला किंवा आलेली नजर पुन्हा कमी झाली, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, कारण जंतुसंसर्ग झाला असेल तर एकेक तास मोलाचा असतो. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुरकट दिसलं, तर मोतीबिंदू परत आला असं समजून घाबरू नका. भिंगामागची पातळ पिशवी गढूळ झालेली असू शकते. ती लेसरनं काही मिनिटांत मोकळी करतात.

पैशांअभावी कुणी अंधारात राहण्याचं कारण नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून चालू आहे आणि त्याखाली सरकारी रुग्णालयांत व शिबिरांत मोफत ऑपरेशनं होतात. आपल्या पनवेलमध्ये लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आणि नवीन पनवेलचं शंकरा नेत्र रुग्णालय यांचं धर्मादाय काम आहे. मुंबईत जे. जे. रुग्णालय आहे. शिबिरात बसवतात ते साधं एककेंद्री भिंगही उत्तम नजर देतं. स्वस्त म्हणून ते कमअस्सल नव्हे.

घरात कुणी आजी-आजोबा ‘आता या वयात कशाला’ म्हणत कोपऱ्यात बसून असतील, तर त्यांना एकदा डोळे तपासायला घेऊन जा. वयाची अडचण सहसा नसतेच. सोबतीला कुणी आहे का, एवढीच अडचण असते.