आकडे कोणाकडे बोट दाखवतात?

कलाशाखेच्या आपणां विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र म्हणजे रुक्ष विषय वाटतो. तथापि माणसांविषयीचे आपले समज पारखून घेण्याचे काम कधी कधी आकडेच करतात. हल्ली ज्याला 'डेटा सायन्स' म्हणतात, त्या शास्त्राचे आफ्रिकेतील एक उदाहरण मला या दृष्टीने मोलाचे वाटते.

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलु-नाताल प्रांतातील ग्रामीण भागात पंचविशीच्या आतील मुलींमध्ये एचआयव्हीचे प्रमाण त्यांच्याच वयाच्या मुलांपेक्षा पुष्कळ अधिक आढळते. अशा वेळी 'मुलींनी सांभाळून राहावे' एवढा उपदेश करून समाज मोकळा होतो. पण मग ही लागण येते कोठून? नुसते विचारून हे कळणे कठीण. असल्या नाजूक प्रश्नाला खरे उत्तर कोण देणार?

तुलिओ दि ऑलिव्हेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी वाट धरली. जुन्या पोथ्यांच्या पाठभेदांवरून कोणत्या प्रती एका घराण्यातल्या, हे अभ्यासक ठरवतात. विषाणूचेही तसेच आहे. तो पसरताना थोडाथोडा बदलत जातो. ज्यांच्या विषाणूंची जनुकीय रचना अगदी जवळची, ती माणसे एका साखळीतली असण्याचा संभव मोठा. १५८९ बाधितांच्या विषाणूंची अशी तुलना संगणकाच्या साह्याने करण्यात आली. २०१७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : पंचविशीच्या आतील मुलींशी जोडले गेलेले पुरुष सरासरीने सुमारे ९ वर्षांनी मोठे होते. पंचविशी ओलांडलेल्या स्त्रियांचे जोडीदार मात्र जवळजवळ त्यांच्याच वयाचे. म्हणजे आजची बाधित मुलगी उद्या समवयस्क पुरुषाला लागण देते, तो पुरुष पुन्हा एखाद्या कोवळ्या मुलीला. आणि चक्र फिरत राहते.

हे चक्र तोडायचे तर मुलींना प्रतिबंधक गोळ्या मिळाल्या पाहिजेत हे खरेच. पण २५ ते ४० वयाच्या पुरुषांची तपासणी आणि उपचारही तितकेच अगत्याचे. नियमित औषधाने रक्तातील विषाणू नगण्य झाला, की लैंगिक संबंधातून तो पुढे जात नाही.

येथे एक सावधगिरी मला आवश्यक वाटते. दोघांचे विषाणू जुळले म्हणून कोणी कोणाला लागण दिली, हे सिद्ध होत नाही. मध्ये तिसरे कोणी असू शकते. म्हणून अशा माहितीतून नावे वगळलीच पाहिजेत. ती गावाच्या तोंडी गेली, तर उद्या तपासणीला कोणी येणार नाही. आकड्यांनी दोष कोणाचा हे नव्हे, तर मदत कोठे पोचली नाही हे दाखवावे.