जुगाऱ्याला रुग्ण म्हणणारी माणसं

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ब्रेक्सव्हिल इथे, माजी सैनिकांसाठी एक सरकारी रुग्णालय होतं. तिथे दारूच्या व्यसनावर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट कस्टर यांच्याकडे ‘गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमस’ या जुगाऱ्यांच्या स्वमदत संघटनेचे सदस्य मदत मागायला आले आणि १९७२ साली जुगाऱ्यांना दाखल करून उपचार देणारा विभाग तिथे सुरू झाला. अशा प्रकारचा तो पहिला मानला जातो. कोण कोणाकडे गेलं, हे इथे महत्त्वाचं आहे. लॉस एंजेलिसमध्ये १९५७ साली जुगाऱ्यांनीच एकमेकांना सावरण्यासाठी या संघटनेच्या सभा सुरू केल्या होत्या. वैद्यकाला जाग येण्याआधीची पंधरा वर्षं रुग्णांनीच रुग्णांची काळजी वाहिली. पुढे १९७७ साली हेन्री लेझ्यूर या समाजशास्त्रज्ञाने या व्यसनाचं वर्म पकडलं: हरलेला माणूस उठून जात नाही, कारण त्याला गेलेलं परत मिळवायचं असतं. कस्टर यांच्या खटपटीने १९८० साली अमेरिकी मनोविकारशास्त्राच्या अधिकृत वर्गीकरणात या विकाराची नोंद झाली, तीही आवेग न आवरण्याच्या विकारांमध्ये. दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी त्याला जागा मिळायला २०१३ साल उजाडलं.

तेहेतीस वर्षांचा हा विलंब पाहिला, की या क्षेत्रात काम करणाऱ्यांचा जाहीर सन्मान का हवा ते कळतं. दारुड्याच्या तोंडाला वास येतो, जुगाऱ्याच्या अंगावर काहीच दिसत नाही. घरच्यांना कळतं तेव्हा दागिने गहाण पडलेले असतात, सावकार दारात असतो. कुटुंब लाजेपोटी गप्प बसतं, शेजारी त्याला उधळ्या म्हणतात, कायदा आरोपी म्हणतो. हा आजार आहे आणि त्याला डॉक्टर आहे, ही बातमी त्या घरापर्यंत पोचवणं हाच उपचाराचा पहिला टप्पा असतो. अमेरिकेत १९७२ सालीच स्थापन झालेली समस्याग्रस्त जुगारावरची राष्ट्रीय परिषद प्रत्यक्ष सेवेसाठी डॉ. कस्टर यांच्या, तर जनजागृतीसाठी मॉन्सिन्योर जोसेफ डन या धर्मगुरूंच्या नावाने जीवनगौरव देते. असा गौरव तीच बातमी पोचवतो, म्हणून मी त्याला उपचारव्यवस्थेचाच भाग मानतो.

यावर पहिला आक्षेप नीतीचा आहे: आजार म्हटलं की माणूस जबाबदारीतून सुटतो. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदाही म्हणणाऱ्या आणि द्यूतसभेची कथा लहानपणापासून ऐकणाऱ्या आपल्या समाजाला हा आक्षेप लगेच पटतो. पण गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांत कर्जाची यादी करून ते फेडण्याचाच आग्रह असतो. मी आजारी आहे हे मान्य केलेला माणूस देणं टाळत नाही. ते फेडण्यासाठी आणखी एक डाव लावायचं मात्र थांबवतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला मान्य आहे. जुगाराच्या धंद्यातून आलेल्या पैशावर प्रतिबंधाचं काम चाललं, तर सन्मानही त्या धंद्याची शोभा ठरू शकतो. मात्र त्यावरचा मार्ग ब्रिटनमध्ये दिसतो. तिथे २००८ साली लंडनमध्ये डॉ. हेन्रिएटा बोडेन-जोन्स यांनी राष्ट्रीय आरोग्यसेवेचं जुगार उपचार केंद्र उभं केलं. आरोग्यसेवेने २०२२ साली या धंद्याच्या देणग्या नाकारल्या आणि एप्रिल २०२५ पासून सरकारने कंपन्यांवर सक्तीची आकारणी बसवली. तिच्यातला निम्मा वाटा उपचारांना जातो. देणगीदाराची मर्जी राखावी लागते, आकारणी हक्काने वसूल होते. सन्मान देणाऱ्या संस्थांनीही आपल्या पैशाची वाट अशीच तपासून घ्यावी.

उरतो बंदीचा युक्तिवाद: जुगारच बंद केला की उपचारांची गरज उरणार नाही. आपल्याकडे १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात अड्ड्यावर सापडलेला माणूस गुन्हेगार ठरतो. तरीही १९६० च्या दशकात मुंबईत मटका फोफावला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली केंद्राने बंदी आणली. त्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे मला मोलाचं वाटतं. पण अ‍ॅप बंद झालं म्हणून गेलेलं परत मिळवायची ओढ जात नाही, आणि गोव्यात मांडवीच्या पात्रात तरंगणारे कॅसिनो तर उघडेच आहेत. बंदीने जे साधत नाही, ते नजर बदलल्याने साधतं. गर्द आणि दारूच्या रुग्णाकडे बघायची मराठी नजर पुण्यातल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून बदलत नेली. व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच तिथे समुपदेशक होतात, हे त्यातलं मोठं कारण आहे.

अशा माणसांचा सन्मान करायचा म्हटलं, की एक अडचण येते. ब्रेक्सव्हिलला मदत मागायला गेलेल्यांची संघटना तत्त्वानेच निनावी आहे. त्यांना शाल देता येत नाही, त्यांचा फोटो छापता येत नाही. त्यांचा मान करायचा तर सभेला बिनभाड्याची खोली द्यावी, रात्री उचलला जाईल असा फोन द्यावा आणि कर्जाची यादी घेऊन आलेल्या माणसाला तपासायला जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी एक डॉक्टर द्यावा.