चौकट : शिराळ्याचा स्फोट आणि दारूकामातली खबरदारी

घटना : १ जानेवारी २०२३, रविवार. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुक्यात, पांगरीजवळच्या शिराळे शिवारात फटाक्यांच्या कारखान्यात दुपारी स्फोट झाला. किमान तीन महिला कामगारांचा बळी गेला, अनेक जण भाजले. त्याच दिवशी इगतपुरीजवळ मुंढेगावच्या कारखान्यातही भीषण आग लागली.

स्फोट का होतो : शोभेच्या दारूत पोटॅशियम नायट्रेटसारखे क्षार ऑक्सिजन पुरवतात, गंधक, कोळसा, ॲल्युमिनियमची भुकटी जळते. त्यामुळे मिश्रणाला पेटायला बाहेरची हवा लागत नाही. ते कालवताना, नळीत ठासताना घर्षण किंवा ठिणगी पुरते. नायलॉनच्या साडीतली स्थिर वीजही घातक ठरू शकते. म्हणून सुती कपडे, लाकडी किंवा पितळी अवजारे आणि शेडमध्ये मोजकाच माल, हे पथ्य.

परवाना : स्फोटके नियम, २००८ नुसार एका वेळी १५ किलोपर्यंतच्या फटाका-उत्पादनाचा परवाना जिल्हा दंडाधिकारी देतात. त्यापुढील परवाने केंद्राच्या 'पेसो' या संस्थेकडे. तिचे मुख्यालय नागपुरात आहे.

राज्यातील इतर स्फोट : डोंबिवली (२६ मे २०१६, २३ मे २०२४), शिरपूर (३१ ऑगस्ट २०१९), तारापूर (११ जानेवारी २०२०), महाड (३ नोव्हेंबर २०२३).

तुम्ही काय कराल : वस्तीजवळ, शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये विनापरवाना दारूकाम दिसले, तर तहसीलदार किंवा पोलिसांना कळवा. आणीबाणीत ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. गप्प बसू नका. आत रोजंदारीवर राबणाऱ्या बायाबापड्यांचा जीव त्यावर अवलंबून आहे.