कडा चढणाऱ्यांची विजार

आमच्या लोहा-कंधार बाजूची पुष्कळ मुलेमुली अलीकडे शिक्षणासाठी अगर नोकरीसाठी पुण्यामुंबईस जातात, आणि तेथे चार महिने होतात न होतात तोच त्यांचे रविवार गडकिल्ल्यांवर जाऊ लागतात. त्यांतील काही पायवाटेने गडावर जाऊन समाधान मानीत नाहीत. कमरेस दोर बांधून खंडाळ्याची नागफणी, रायगडासमोरचा लिंगाणा, जीवधनाजवळची वानरलिंगी असले उभे कडे व सुळके ती चढतात. आमच्या भागात असे कडे नाहीत. बालाघाटाच्या टेकड्या ठेंगण्या आणि कंधारचा किल्ला तर भुईकोटच. त्यामुळे "कडा चढावयाची पँट घ्यावयाची आहे, पैसे पाठवा," असा निरोप आला म्हणजे घरातील वडील मंडळींस ती चैन वाटते. निरोप मुलीचा असला तर पैशांचा प्रश्न मागे पडतो आणि पोशाखाचाच खल अधिक होतो. या दोन्ही बाबतींत आम्हांस जे वाटते ते येथे मांडीत आहो.

मूळ मुद्दा असा की, अशा विजारीत किंमत, रंग व छाप ही दुय्यम असून ती बेतली कशी आहे, हेच प्रथम पाहावयाचे. रस्त्याने चालताना पाय फार तर हात-दीड हात पुढे पडतो. कड्यावर मात्र एक पाऊल छातीच्या उंचीवर ठेवून त्यावर सर्व अंगाचा भार उचलावा लागतो, कधी दोन्ही पाय फाकवून दोन भिंतींवर रोवावे लागतात. नेहमीच्या पँटच्या चारही शिवणी दोन पाय मिळतात त्या एकाच बिंदूवर येऊन भिडतात. पाय उंच गेला की सर्व ताण त्या बिंदूवर येतो. मग कापड पाय अडविते, नाहीतर शिवण उसवते. शिवण उसवल्याने फजितीच होईल. पण ऐन वेळी पाय अर्ध्या वितीने कमी उचलला गेला, तर मनुष्य दोरावर लोंबकळेल.

आपल्या पूर्वजांस ही अडचण आली नाही, कारण त्यांचा कासोटा. संस्कृतात मागे खोचलेल्या या काठास कच्छ म्हणतात. धोतर काय किंवा नऊवारी लुगडे काय, दोन पायांच्या मधून गेलेले कापड सैल असल्यामुळे कोणत्याही दिशेस पाय टाकण्यास मोकळीक राहते. रायगडाच्या कड्यावरून तान्ह्या मुलासाठी रात्री उतरून गेलेल्या हिरकणीची आख्यायिका आपणां सर्वांस ठाऊक आहे. तिच्या अंगावर लुगडेच असणार, आणि त्याचा कासोटा घट्ट मारलेला असणार, याविषयी आम्हांस शंका नाही.

शिवलेल्या विजारीत हीच मोकळीक आणावयाची तर दोन पायांच्या सांध्यात कापडाची एक चौकोनी पाचर बसवितात. म्हणजे चार शिवणी एका बिंदूत न मिळता पाचरीच्या चार कोपऱ्यांत वाटल्या जातात. उर्दूत हिला मियानी म्हणतात. सलवारीच्या शिवणकामात ती जुनीच आहे, व कराटे खेळणारांच्या विजारीतही असते. अमेरिकेतील योसेमिटी दरीत कडे चढणारा माइक ग्रॅहम याने १९८२ साली ग्रामिची नावाचा कारखाना काढून अशीच पाचर घातलेल्या आणि कमरेस पट्टा अंगचाच शिवलेल्या विजारी विकावयास आरंभ केला. त्या जगभर गाजल्या. आज बाजारात 'क्लायंबिंग पँट' म्हणून जे मिळते त्यातील बहुतेक मालाचा गाभा हाच. आमच्या गावपेठेतील सलवार शिवणारा शिंपी ज्या युक्तीने रोज चार पैसे मिळवितो, तिच्यासाठी परदेशी छापाचे चौपट दाम मोजावे काय, हे वाचकांनीच ठरवावे.

विकत घ्यावयाची असल्यास दुकानात अंगावर घालून पाहिल्यावाचून घेऊ नये, आणि आरशासमोर नुसते उभे राहून तर नाहीच नाही. प्रथम उकिडवे बसावे. नंतर उभे राहून एक गुडघा छातीस लावावा. मग टेबलाच्या उंचीवर पाय ठेवून त्यावर भार देऊन पाहावे. या तिन्ही वेळा मांडीवर कापड ताणले, गुडघ्यावर ओढ बसली किंवा मागून कंबर खाली घसरली, तर ती विजार ठेवून द्यावी. दुकानदार हसेल, हसू द्यावे. गुडघ्यापाशी चुण्या घालून किंचित बाक दिलेला असेल तर उत्तम. पाय मात्र खाली घोट्याशी आवळता आला पाहिजे, कारण बोटभर रुंदीच्या खोबणीत पाऊल ठेवताना आपले पाऊल आपणांस दिसावे लागते.

कड्यावर चढणारा मनुष्य कमरेस व मांड्यांस हार्नेस नावाचा पट्ट्यांचा साज घट्ट आवळून घेतो व त्यासच दोर बांधतो. घसरला तर सारे वजन या पट्ट्यांवर येते. म्हणून त्यांच्याखाली धातूचे बक्कल, जाड पट्टा, मागच्या खिशांची बटणे यांतील काहीही नसावे. कंबर नाडीची किंवा सपाट लवचीक पट्टीची असावी. जीनची विजार येथेच नापास होते. लेव्ही स्ट्रॉस व जेकब डेव्हिस यांनी १८७३ साली खिशांच्या कोपऱ्यांत तांब्याच्या रिव्हेटी ठोकण्याचे पेटंट घेतले ते कष्टकऱ्यांच्या अंगमेहनतीच्या कपड्यांसाठी, आणि त्या कामी ती विजार नामी ठरली. पण कड्यावर त्या रिव्हेटी पट्ट्याखाली रुततात, खडकास घासतात, आणि भिजलेली जीन तर अंगास चिकटून गुडघा वाकू देत नाही.

आता कापड. सह्याद्रीचा काळा बसाल्ट खरखरीत असतो. त्यावर गुडघे व बैठक आधी झिजतात, म्हणून तेथे दुहेरी कापड व दुमडून मारलेली दुहेरी टीप हवी. पावसाळ्यानंतर कड्याखालच्या उतारांवर कुसळी गवत माजते. विरळ विणीच्या अगर लोकरट कापडात त्याची कुसळे अशी शिरतात की घरी आल्यावर वेचण्यात संध्याकाळ जाते. यासाठी घट्ट विणीचे, गुळगुळीत ट्विल बरे. वजन चौरस मीटरला २०० ते २५० ग्रॅम असावे. कार्तिकापासून माघापर्यंतच्या कोरड्या दिवसांत सुती ट्विलच आम्ही पसंत करतो, कारण ते घाम टिपते आणि खडकावर टिकते. त्यात शेकडा २-३ भाग स्पँडेक्स, म्हणजे १९५८ साली निघालेला तो ताणला जाणारा धागा, मिसळलेला असल्यास अधिक चांगले. भिजलेले सुती कापड मात्र लवकर वाळत नाही व अंगातील ऊब ओढून घेते. म्हणून पावसात किंवा हिमालयात जाणाराने नायलॉनची वाट धरावी. नायलॉन चिवट असते व झटकन वाळते. परंतु उष्णतेने ते वितळते, तेव्हा वेगाने सरकणारा दोर मांडीवर घासू देऊ नये.

नायलॉनपूर्वीचे लोक अडाण्यासारखे कपडे घालीत असे मात्र कोणी समजू नये. १९२४ साली एव्हरेस्टवर नाहीसा झालेला मॅलरी १९९९ साली सापडला, तेव्हा त्याच्या अंगावर रेशीम, सूत व लोकर यांचे थर होते. त्या कपड्यांची हुबेहूब नक्कल करून २००६ साली ती एव्हरेस्टवरच घालून पाहिली, ती हलकी व सुखकर ठरली.

राहिला मुलींचा प्रश्न. काही घरांतून "सलवार-कमीज घालून चढ, नाहीतर जाऊ नकोस," असे सांगण्यात येते. सलवारीस आमची हरकत नाही. मियानी तिच्यात आहेच. पण लांब कमीज हार्नेसच्या पट्ट्यांखाली गोळा होते, आणि ओढणी तर प्रत्यक्ष घातक आहे. दोरावरून खाली उतरताना दोर एका धातूच्या साधनातून सरकतो. त्यात ओढणीचे टोक, सैल सदरा किंवा मोकळी वेणी ओढली गेली, तर मुलगी अधांतरी अडकते व सोडविणाऱ्याचाही जीव धोक्यात येतो. वडिलांनी मर्यादेचा विचार करावा, तो त्यांचा अधिकार आहे. परंतु मांडीपर्यंतच्या अर्धोरुक नावाच्या स्त्रीवस्त्राची नोंद अमरकोशात आहे, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांनी घोट्यापर्यंत झाकणाऱ्या विजारीस अमर्याद म्हणू नये, असे आम्हांस वाटते. कमीज आखूड करून विजारीत खोचावी, केस बांधून शिरस्त्राणाखाली घ्यावेत, ओढणी घरी ठेवावी. तरीही ज्यांस ते पाहवत नसेल त्यांनी मुलीस सरळ जाऊ नको म्हणावे. पण जाऊ देऊन अंगावर धोक्याचे वस्त्र चढवू नये.

शिंप्याकडून शिवून घेणारांनी सुती ट्विल आधी पाण्यात बुडवून, वाळवून मग बेतावयास द्यावे. नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटते व मियानीचा सारा लाभ जातो. स्पँडेक्स असलेले कापड गार पाण्यात धुऊन सावलीत वाळवावे, त्यावर कडक इस्त्री फिरवू नये. आणि उरलेला तुकडा शिंप्याकडून आठवणीने मागून घ्यावा, गुडघ्याचे पहिले ठिगळ त्याचेच लागते.