जगातलं सर्वात उंच फुलणारं फूल आपल्या सुरणाचं भावंड. मग ते दुर्मिळ का?

पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी मोबाईलवर एक फोटो फिरू लागतो. परसातल्या जमिनीतून अचानक वर आलेलं जांभळट, सुरकुतलेल्या टोपीसारखं काहीतरी, आणि खाली ओळ असते की हे शंभर वर्षांतून एकदाच फुलणारं फूल आहे, पुढे पाठवा. बहुतेक वेळा हा फोटो साध्या सुरणाच्या फुलाचा असतो. सुरण दुर्मिळ नाही. पण याच सुरणाचं एक सख्खं भावंड इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर आहे, ते खरोखर दुर्मिळ आहे आणि दिवसेंदिवस कमी होत चाललं आहे. त्याचं नाव टायटन अरम, शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस टायटॅनम. स्थानिक लोक त्याला ‘बुंगा बंगकाई’ म्हणतात. बुंगा म्हणजे फूल, बंगकाई म्हणजे मढं.

फूल एक नव्हे, शेकडो

टायटन अरमची उंची तीन मीटरपर्यंत जाते, म्हणजे साध्या घराच्या छताला टेकेल इतकी. पण जे एक फूल दिसतं ते खरं तर फुलोरा आहे. मधोमध उभा राहतो तो पोकळ, पिवळट दांडा. त्याच्या भोवती झालरीचा घेर असतो, बाहेरून हिरवट आणि आतून कच्च्या मांसासारखा गडद लाल. खरी फुलं या घेराच्या तळाशी, दांड्याच्या बुडाला चिकटलेली असतात. खालच्या बाजूला मादी फुलं, त्यांच्या वर नर फुलं, आणि दोन्ही मिळून शेकडो.

फांद्या नसलेल्या फुलोऱ्यांत हा जगात सर्वात मोठा. फांद्या असलेल्यांत पहिला नंबर तालीपाम या ताडाचा, जो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत वाढतो. तो तीस ते ऐंशी वर्षांनी आयुष्यात एकदाच फुलतो आणि फळं पिकली की मरतो. टायटन अरम मात्र फुलल्यावर सहसा मरत नाही, काही वर्षांनी पुन्हा फुलतो.

वर्षानुवर्षांची साठवण, दोन दिवसांचा खर्च

सुरणाला जसा जमिनीखाली कंद असतो तसाच यालाही असतो, फक्त आकार अवाढव्य. एडिंबरा इथल्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये २०१० साली मोजलेला कंद १५३.९ किलोचा भरला, म्हणजे दीड क्विंटलच्या वर. या कंदातून दर हंगामाला एकच पान येतं. ते पान पाहिलं तर कोणीही झाड म्हणेल, कारण देठच खोडासारखा असतो आणि उंची सहा मीटरपर्यंत जाते. पान वर्षभर अन्न तयार करून खाली कंदात भरतं, मग वाळून पडतं. काही महिने कंद स्वस्थ पडून राहतो आणि पुन्हा नवं पान येतं.

असं सात ते दहा वर्षं चालतं. पुरेसं भांडवल जमलं की एखाद्या वर्षी पानाऐवजी कळी येते. भरात असताना ती दिवसाला दहा-दहा सेंटीमीटर वाढते. मग एका संध्याकाळी घेर उघडतो, आणि साधारण दोन दिवसांत सगळा खेळ आटोपतो. घेर मिटतो, दांडा कोलमडतो.

दुर्गंध कशासाठी?

उमलल्याच्या पहिल्या रात्री या फुलाला कुजलेल्या मांसाचा वास येतो. त्यामागे गंधकाची संयुगं आहेत, तर सडक्या मासळीच्या वासाला कारण असलेलं ट्रायमिथाइलअमाइनही त्यात सापडतं. वास दूरवर जावा म्हणून दांडा स्वतः तापतो. त्याचं तापमान ३६ अंश सेल्सियसच्या आसपास, म्हणजे माणसाच्या अंगाइतकं होतं. गरम हवा वर चढते आणि वास सोबत घेऊन जाते.

हे सगळं चालतं ते मढ्यावर जगणाऱ्या भुंग्यांसाठी आणि माश्यांसाठी. अंडी घालायला मांस मिळेल या आशेने ते येतात, फुलात फिरतात, अंगावरचे परागकण तिथे सांडतात. हाती काहीच लागत नाही, चक्क फसवणूक. पण फुलाचंही एक बंधन आहे. पहिल्या रात्री फक्त मादी फुलं तयार असतात. नर फुलं परागकण सोडतात ते दुसऱ्या दिवशी, तोवर मादी फुलांची वेळ गेलेली असते. म्हणजे स्वतःचेच परागकण स्वतःला लागू नयेत अशी ही सोय. त्यामुळे बी धरायची तर जवळपास दुसरं झाड एक-दोन दिवस आधी फुललेलं हवं. जंगल दाट होतं, झाडं भरपूर होती, तेव्हा हे जमून जायचं.

राफ्लेशिया वेगळं

बातम्यांमध्ये टायटन अरम आणि राफ्लेशिया यांची हमखास गल्लत होते, कारण दोन्ही सुमात्राची आणि दोघांनाही मढ्याचा वास. राफ्लेशिया आर्नोल्डी हे जगातलं सर्वात मोठं एकेरी फूल. रुंदी एक मीटरपर्यंत, वजन दहा-अकरा किलोपर्यंत. त्याला ना पान, ना खोड, ना मूळ. द्राक्षाच्या कुळातल्या एका रानवेलीच्या आत ते बांडगुळापेक्षाही परावलंबी होऊन जगतं आणि फक्त फुलायला बाहेर येतं. इंडोनेशियात त्याला ‘पद्म राक्सासा’ म्हणतात. १९९३ साली तिथल्या सरकारने त्याला देशाचं दुर्मिळ फूल ठरवलं. त्यासाठीचा शब्द आहे ‘पुस्पा लांका’. पद्म, राक्षस, पुष्प हे शब्द समुद्रापार अजून जिवंत आहेत.

कस्टममध्ये अडकलेले कंद

टायटन अरमची शास्त्रीय जगाला ओळख करून दिली ती इटालियन वनस्पतीशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेक्कारी यांनी, १८७८ साली. त्यांनी सुमात्रातून कंद युरोपला पाठवले, पण ते फ्रान्सच्या मार्सेय बंदरात अडवले गेले. द्राक्षवेली खाणाऱ्या फायलॉक्सेरा किडीमुळे तेव्हा झाडं आणण्यावर बंदी होती. कंद तिथेच मेले. बिया मात्र फ्लॉरेन्सला पोचल्या आणि रुजल्या. त्यातलं एक रोप लंडनच्या क्यू गार्डन्सला गेलं आणि १८८९ साली तिथे फुललं. सुमात्राबाहेर फुललेलं हे पहिलं टायटन अरम. १९२६ साली क्यूमध्ये पुन्हा फूल आलं तेव्हा गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले.

‘टायटन अरम’ हे नाव मात्र बरंच नंतरचं. मूळ लॅटिन नावाचा अर्थ चारचौघांत सांगण्यासारखा नाही, म्हणून डेव्हिड ॲटनबरो यांनी बीबीसीच्या १९९५ च्या वनस्पतींवरील मालिकेत हे सोपं नाव रूढ केलं. जानेवारी २०२५ मध्ये सिडनीच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये पंधरा वर्षांनी फूल आलं, तेव्हा हजारो लोक वास घ्यायला रांगेत उभे होते. भारतात केरळमधल्या वायनाडच्या गुरुकुल बोटॅनिकल सँक्च्युअरीमध्येही ते फुललं आहे.

बागांमध्ये आहे, मग काळजी कसली?

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१८ साली टायटन अरमला धोक्यातील प्रजाती म्हणून नोंदवलं. रानात आता हजाराहूनही कमी झाडं उरली असावीत, असा अंदाज आहे. सुमात्राची जंगलं लाकडासाठी आणि पाम तेलाच्या लागवडीसाठी तोडली गेली. लाल फळं खाऊन बी दूर टाकणारे धनेश पक्षीही जंगलासोबत कमी झाले. झाडं विखुरली की एकाच वेळी दोन फुलं जवळपास उमलण्याचा योग आणखी दुर्मिळ होतो.

जगभरातल्या बागांमध्ये झाडं आहेत, पण तिथली अडचण निराळी आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १११ संस्थांमधल्या सुमारे १,२०० झाडांच्या नोंदी तपासल्या गेल्या. जवळपास चौथा हिस्सा झाडं एकमेकांच्या नकला, म्हणजे क्लोन निघाली. आणखी चौथ्या हिश्श्याहून थोडी जास्त झाडं जवळच्या नात्यातल्या आई-बापांची होती. झाड कुठून आलं, परागकण कोणाचे वापरले, याच्या नोंदी बऱ्याच ठिकाणी धड ठेवलेल्याच नव्हत्या. ज्याला त्याला फूल हवं होतं, वंशावळ कोणी लिहिली नाही. सोयरीक जुळवताना जे पाहिलं जातं तेच इथे राहून गेलं, आणि संतती दुबळी होऊ लागली. म्हणून आता बागा परागकण गोठवून ठेवतात, एकमेकांना पाठवतात आणि कोणाचा कोणाशी संकर करायचा हे नोंदी पाहून ठरवतात.

आपल्याकडचं काय?

सह्याद्रीत आणि कोकणात याच वंशातलं शेवळं उगवतं, आणि ते मूळचं पश्चिम घाटाचंच. पावसाच्या सुरुवातीला आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या बाजारात आणतात. शेवळाचं जे आपण खातो तो त्याचा फुलोराच. आतला पिवळा भाग काढून टाकतात आणि काकडांच्या रसात किंवा चिंचेत शिजवतात, नाहीतर घसा खाजतो. खाज येते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणांमुळे. सुरणाची आणि अळूची खाजही तीच.

शेवळं खाऊ नये असं कोणी म्हणणार नाही. पण जुडी म्हणजे त्या वर्षीचं बी, हे लक्षात घ्यायला हवं. कंद जमिनीत राहतो, त्यामुळे पुढच्या वर्षी पान येतं. पण एखाद्या रानातले सगळे फुलोरे खुडले तर नवी रोपं येणार कुठून? काही फुलोरे तिथेच ठेवले तर प्रश्न सुटतो.

आणि परसात सुरण फुलला तर घाबरायचं किंवा पुजायचं कारण नाही. रात्रभर वास येईल, दोन-चार दिवसांत फुलोरा मान टाकेल आणि मग पान येईल. कंद उकरू नये एवढंच. घरातल्या पोरांना मात्र तो जवळून दाखवावा. सुमात्राच्या फुलासाठी सिडनीत रांगा लागतात. त्याचीच छोटी आवृत्ती इथे दारात, फुकटात बघायला मिळते.