ट्रॅकवरही सायलेन्सर लागतो, भाऊ!

आजच्या भागाचं हे लेखी रूप, ज्यांना आकडे पुन्हा नीट बघायचे आहेत त्यांच्यासाठी.

दिवाळीत घरी भंडाऱ्याला गेलो होतो. मावसभावाने त्याच्या ३५० सीसीच्या बाइकला नवा सायलेन्सर लावला होता, तो फटाके फोडणारा. तो गल्लीत शिरला की शेजारच्या आजी कानावर हात ठेवायच्या. मी बोललो, तर त्याने मोबाइलच पुढे केला. रेस ट्रॅकवर पळणाऱ्या स्पोर्ट्स कारचा व्हिडिओ. "दादा, ह्या गाड्या एवढ्या बोंबलतात, त्याईले कोनी काई म्हनत नाई. मलेच काऊन?"

प्रश्न चांगला होता. पण गंमत अशी की त्यांनाही म्हणतात, आणि चांगलंच म्हणतात.

ट्रॅकवर आवाज कसा मोजतात?

दोन पद्धती आहेत. पहिली, गाडी उभी करून. सायलेन्सरच्या तोंडापासून ५० सेंटिमीटरवर, ४५ अंशाच्या कोनात मीटर धरतात आणि इंजिन ठरलेल्या आरपीएमवर नेतात. साधारण जिथे इंजिन कमाल ताकद देतं, त्याच्या तीन चतुर्थांश. ब्रिटनमधल्या ट्रॅक डेला ९८ किंवा १०५ डेसिबल अशा मर्यादा नेहमी दिसतात.

दुसरी पद्धत, गाडी पळताना. ट्रॅकच्या कडेला मायक्रोफोन असतो. कॅलिफोर्नियातल्या लागुना सेका ट्रॅकवर तो ५० फुटांवर असतो आणि बऱ्याच दिवशी मर्यादा ९० डेसिबलची. आवाज वर गेला की काळा झेंडा. पिटमध्ये या, दुरुस्ती करा. नाही जमलं तर पैसे भरलेले असूनही तुमचा दिवस संपला.

एवढं कडक का? कारण ट्रॅकच्या बाजूला माणसं राहतात. अमेरिकेतल्या लाइम रॉक ट्रॅकचे शेजारी कोर्टात गेले आणि १९५९ पासून तिथे रविवारी रेस बंद आहे. म्हणजे आवाज सांभाळला नाही, तर गाडी चालवायची जागाच हातची जाते.

९८ जास्त की ८०?

आपल्याकडे ७.५ मीटर अंतरावर मोजतात. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला ८० डेसिबल आणि कारला ७४, ही नव्या मॉडेलसाठी बरीच वर्षं चालत आलेली मर्यादा. मॉडेल बाजारात येण्याआधी पुण्याची एआरएआय किंवा नगरची व्हीआरडीई अशा अधिकृत संस्थांकडून पास व्हावं लागतं.

मग ट्रॅकवरचे ९८ म्हणजे मोकळीक झाली ना? नाही. अंतर बघा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. अर्ध्या मीटरवरून ७.५ मीटर म्हणजे १५ पट. हिशेब केला तर २३-२४ डेसिबल कमी. ९८ चे झाले ७४ च्या आसपास! चाचण्या वेगळ्या आहेत, एकीत गाडी उभी तर दुसरीत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, म्हणून हा अंदाजच धरा. पण मुद्दा पक्का: अंतर सांगितल्याशिवाय डेसिबलचा आकडा निरर्थक आहे.

मर्यादेत राहायचं कसं?

बऱ्याच स्पोर्ट सायलेन्सरमध्ये छिद्रांच्या नळीभोवती काचेच्या तंतूंचं पॅकिंग असतं. ते उष्णतेने जळत जातं आणि आवाज वाढतो. ते बदलता येतं. जॉइंटच्या गॅस्केटमधून गळती आहे का, तेही बघा. तोंडात बसणारा डीबी किलर आवाज बराच दाबतो, थोडी ताकद जाते. चालवताना मायक्रोफोनच्या आधीच वरचा गिअर टाकायचा, म्हणजे आरपीएम उतरतो. अगदीच गरज पडली तर तेवढ्या जागेपुरता ॲक्सिलरेटर सोडायचा.

घरी मोबाइल ॲपनेही अंदाज येतो. मात्र ॲपचा आकडा खरा मानू नका, फक्त फरक बघा: तोच फोन, तीच जागा, तोच आरपीएम. आम्ही अंगणात तसंच केलं. जुना आणि नवा सायलेन्सर यात फरक आला १२ चा. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो. मावसभाऊ गप्प झाला.

आणि रस्त्यावर?

ट्रॅकचा सायलेन्सर ट्रॅकपुरता. रस्त्यावर आवाजाचे निकष मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर लायसन्स तीन महिने अपात्र. आमचे हे साहेब पोलीस भरतीची तयारी करतायत, रोज पहाटे धावायला जातात. उद्या चारित्र्य पडताळणीत केसबद्दल विचारलं तर काय लिहिणार, एवढंच मी विचारलं.

जुना सायलेन्सर नशिबाने माळ्यावर होता. त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी तो परत लावला. नवा गोणपाटात गुंडाळून ठेवलाय. "कधी ट्रॅकवर गेलो त लावीन," म्हणतो. लाव की बाबा. पण तिथेही मीटर घेऊन कोणीतरी उभा असेल.

तुमच्या गाडीचा ओरिजिनल सायलेन्सर कुठे पडलाय? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. भेटू!